पुराच्या आधी भरून ठेवायची पिशवी : कृष्णाकाठच्या कुटुंबांसाठी

पावसाळ्यात सांगलीकराच्या दिवसाची सुरुवात बहुधा एकाच चौकशीने होते : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्याने पुन्हा पन्नाशी ओलांडली. २०१९ मध्ये जी कुटुंबे घरात अडकली, त्यांतल्या अनेकांचा हिशेब सरळ होता. २००५ चे पाणी आपल्या पायरीपर्यंत येऊन थांबले होते, म्हणजे याही वेळी ते तिथेच थांबेल, असे त्यांनी धरले होते. तो हिशेब चुकला आणि मग दुसऱ्या मजल्यावर बसून बोटीची वाट पाहण्याची वेळ आली.

तरीही निघायला उशीर होण्याचे कारण दर वेळी पाण्याचा चुकलेला अंदाज हेच नसते. पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर घरात जी धावपळ सुरू होते, तिच्यात काय न्यायचे, काय माळ्यावर टाकायचे आणि काय सोडून द्यायचे हे एकदम ठरवावे लागते, आणि फ्रिज उचलायचा की धान्याची पोती यावर वाद चालू असताना आजीच्या गोळ्या मात्र ओट्यावरच राहून जातात. हे निर्णय मे महिन्यात, कोरड्या घरात, सगळे एकत्र बसलेले असताना घेऊन टाकणे हाच पूर्वतयारीचा खरा अर्थ आहे. पिशवी हा त्या निर्णयांचा हाती लागणारा भाग आहे.

आधी निघण्याची वेळ ठरवावी

पिशवीत काय भरायचे हे आपल्याला निघण्यासाठी किती वेळ मिळणार आहे यावर अवलंबून असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. कृष्णेचा पूर सहसा दबक्या पावलांनी येतो. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांतून सोडलेले पाणी कराड, बहे, भिलवडी असे टप्पे घेत खाली येते आणि प्रत्येक टप्प्यावरची पातळी प्रशासन जाहीर करत असते. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट आहे आणि तिचे सहा वक्र दरवाजे उघडल्याची बातमी म्हणजे खालच्या गावांना मिळालेली पूर्वसूचनाच असते. विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. पायथा वीजगृहातून सुटणारे २१०० क्युसेक आणि दरवाज्यांतून सुटणारे पन्नास हजार क्युसेक यांतला फरक ज्याला कळतो, तो मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक संदेशाने घाबरत नाही आणि खऱ्या धोक्याच्या वेळी गाफीलही राहत नाही. मात्र धरणाच्या खालच्या भागात पडणारा पाऊस आणि हरिपूरजवळ कृष्णेला मिळणारी वारणा या दोन गोष्टी विसर्गाच्या आकड्यात दिसत नाहीत. वारणा फुगलेली असेल तर सांगलीचे पाणी लवकर उतरत नाही.

आपल्या घरासाठी दोन पातळ्या कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिल्या पातळीला वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले, आजारी माणसे आणि जनावरे बाहेर पडतील. दुसऱ्या पातळीला उरलेले सगळे निघतील आणि त्यानंतर कोणीही राखणीला म्हणून घरात थांबणार नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, इनामदार प्लॉट यांसारख्या सखल वस्त्यांत इशारा पातळीच्या सुमारासच पाणी शिरू लागते, त्यामुळे तिथल्या कुटुंबाची पहिली पातळी ४० फुटांच्या बरीच खाली असायला हवी. गावभागातल्या किंवा मारुती रोडवरच्या घराचा आकडा वेगळा येईल. आपल्या दारात पूर्वी पाणी आले तेव्हा पुलाजवळ किती फूट होते हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारावे आणि त्या आकड्यातून निदान पाच फूट वजा करावेत. पाणी घराला लागण्याच्या आधी घराकडे येणारा रस्ता बुडतो, ही गोष्ट या वजाबाकीत धरलेली आहे.

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागाचे गणित निराळे आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरड कोसळली, तेव्हा कुणालाही पातळी वाढताना पाहण्याची सवड मिळाली नाही. अशा गावांत पिशवी माळ्यावर किंवा कपाटात ठेवून भागणार नाही. ती दाराजवळ खुंटीला आणि बॅटरी व चपला उशाशी असाव्यात. जमिनीला नव्याने भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे आणि डोंगरातून घरघर ऐकू येणे या खुणा दिसल्या की पिशवीसुद्धा मिळाली तर घ्यावी, नाही तर तशीच सोडून ओढ्याच्या वाटेने न धावता बाजूच्या उंचवट्याकडे जावे. कोयना परिसरात भूकंपाचा धोकाही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची घरे कोसळली ती लोक झोपेत असताना. त्यामुळे तिथे दाराजवळची पिशवी पावसाळा संपला म्हणून उचलून ठेवण्याचे कारण नाही.

सामानाचे तीन थर

सरकारी सूचनांमध्ये आपत्कालीन संचाची यादी तीन दिवस पुरेल अशा हिशेबाने दिलेली असते. यादी बरोबर असते, पण ती सगळी उचलणार कोण हे तिच्यात लिहिलेले नसते. माणशी रोज तीन लिटर पाणी धरले, तर चार माणसांचे तीन दिवसांचे पाणीच ३६ किलो भरते. गुडघाभर पाण्यातून लहान मूल कडेवर घेऊन चालणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून सामान एकाच ठिकाणी न भरता ते ज्या क्रमाने टाकून द्यावे लागेल त्या क्रमाने भरावे.

पहिला थर अंगावरचा. गळ्यात किंवा कमरेला बांधता येईल असा जलरोधक पाऊच, ज्यात मोबाइल, रोख रक्कम, अत्यावश्यक गोळ्या, ओळखपत्र आणि फोन क्रमांकांची चिठ्ठी असेल. तो कोणत्याही परिस्थितीत अंगापासून वेगळा होत नाही. दुसरा थर पाठीवरचा. त्यात एक दिवसाचे खाणे, थोडे पाणी, औषधे, कागदपत्रे आणि एक जोडी कपडे असतील. धडधाकट प्रौढ माणसासाठी या पिशवीचे वजन आठ ते दहा किलोंच्या वर जाऊ देऊ नये. मुलांच्या दप्तराचे ओझे त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटले आहे, आणि मुलाच्या पाठीवर पुराची पिशवी देताना तीच मर्यादा पाळावी. तिसरा थर वाहनातला. ट्रॅक्टरची ट्रॉली, टेम्पो किंवा चारचाकी मिळाली तरच जाईल अशी ही गोणी असते. उरलेल्या दोन दिवसांचे खाणे, पाण्याचे कॅन, अंथरुणे, भांडी आणि जास्तीचे कपडे तिच्यात जातील. बोटीत बसण्याची वेळ आली तर तिसरा थर तिथेच सोडायचा आणि बचावपथकाने सांगितले तर दुसराही, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. तेव्हापासून तरी बोटीच्या काठावर उभे राहून बोचक्यासाठी हुज्जत घालण्याची कृष्णाकाठाला सवय राहू नये.

पिशवी नवी घ्यायलाच हवी असे नाही. दोन्ही खांद्यांवर अडकणारी जुनी सॅक चालते. एका खांद्याची किंवा हातात धरायची पिशवी मात्र टाळावी, कारण काठी टेकण्यासाठी आणि मुलाचा हात धरण्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात. सॅक जलरोधक आहे असे दुकानदाराने सांगितले तरी आतली प्रत्येक वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावी. तिसऱ्या थरासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम उत्तम. खताच्या रिकाम्या गोण्या कपड्यांसाठी धुऊन वापरता येतात, पण त्यांत किंवा कीटकनाशकाच्या डब्यांत खाण्याचे पदार्थ किंवा पाणी कधीही भरू नये.

कागदपत्रे : कोणती न्यायची, कोणती नाही

पुरानंतर महिनाभर लोक सर्वांत जास्त ज्यासाठी हेलपाटे घालतात ती म्हणजे कागदपत्रे, म्हणून या भागावर एक पूर्ण संध्याकाळ खर्च करण्यास हरकत नाही. घरातले सगळे कागद समोर पसरून त्यांचे दोन गट करावेत. जे पुन्हा सहज मिळते ते एका बाजूला आणि जे मिळवताना चपला झिजतात ते दुसऱ्या बाजूला.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांचे डिजिटल स्वाक्षरीचे उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात. आधार कार्डही पुन्हा छापून मिळते. वाहन परवाना, गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन कार्ड डिजिलॉकरमध्ये घेता येतात आणि तिथली प्रत कायद्याने ग्राह्य आहे. या कागदांसाठी जागा अडवू नये. याउलट जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्र, जातीच्या दाखल्यासाठी जपलेले आजोबा-पणजोबांचे शाळेचे उतारे, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, विम्याच्या पॉलिसी आणि बँकेच्या ठेवपावत्या दुसऱ्या गटात जातात. गुणपत्रिकेची दुसरी प्रत कोल्हापूर विभागीय मंडळाकडून आणि नोंदणीकृत खताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते, परंतु पणजोबांच्या मोडी कागदाची दुसरी प्रत मिळण्याची फारशी आशा नसते. असे कागद शक्य तर उंचावरच्या बँकेच्या लॉकरमध्ये किंवा पूररेषेबाहेरच्या नातेवाइकाकडे पावसाळ्याआधीच नेऊन ठेवावेत. जुने कागद लॅमिनेट करू नयेत. कडेने पाणी शिरले की आतला कागद वाळवता येत नाही आणि शाई प्लास्टिकला चिकटून बसते.

रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेल्या खात्याचे पासबुक मात्र मूळ स्वरूपात पाठीवरच्या पिशवीत असावे. निवारा केंद्रातली नोंद, धान्यवाटप आणि पुढे मिळणारे अनुदान या सगळ्यांसाठी तेच विचारले जातात. सर्व कागदांचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून पुण्या-मुंबईच्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. बँकेचे पिन किंवा पासवर्ड त्यांत लिहू नयेत.

याच बैठकीत आणखी एक काम उरकावे. घराच्या प्रत्येक खोलीचे, यंत्रांचे, फर्निचरचे, दुकान असेल तर मालाचे आणि गोठ्याचे तारखेसह फोटो घ्यावेत. पाणी उतरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवता येते, पण त्या रेघेखाली काय काय होते हे फोटोच सांगू शकतात. विमा असेल तर सर्व्हेअरलाही तेच लागतात.

औषधे

घरातल्या प्रत्येक माणसाच्या नियमित औषधांचा निदान दहा दिवसांचा साठा वेगळा ठेवावा. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर रस्ता आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिले होते आणि अशा वेळी औषधांच्या दुकानात माल येत नाही, म्हणून इथे तीन दिवसांचा नियम अपुरा पडतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, दमा आणि मानसिक आजारांची औषधे एकाएकी बंद होणे धोक्याचे असते. गोळ्या पाकिटातून सुट्या काढून डबीत भरू नयेत. औषधाचे नाव आणि मुदत दिसेल अशी मूळ पट्टीच असावी आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स असावी, म्हणजे निवारा केंद्रातल्या आरोग्य पथकाला अंदाज करत बसावे लागणार नाही.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, पण वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे सामान्य तापमानाला चालते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. जास्तीच्या कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवल्या तर वीज नसतानाही त्या गार राहतात. बर्फात थेट पुरू नयेत, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. डायलिसिसवरच्या किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेल्या रुग्णाला पिशवी वाचवू शकत नाही. त्याने पहिल्या पातळीच्याही आधी, मिरज किंवा कराडसारख्या ठिकाणी, पुराच्या पाण्याने रस्ता तुटणार नाही अशा भागातील उपचार केंद्राजवळ मुक्काम हलवावा. अखेरच्या महिन्यातील गरोदर स्त्रीलाही हेच लागू आहे आणि तिच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड सर्वांत वर असावे.

प्रथमोपचारासाठी फार पसारा नको. जखमेचे जंतुनाशक, निर्जंतुक पट्ट्या, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, बुरशीविरोधी मलम आणि डासांपासून बचावाचे मलम एवढे पुरते. दोन दिवस ओल्या चपलांत काढल्यावर पायाच्या बोटांमधल्या चिखल्या किती हैराण करतात हे पूरग्रस्ताला वेगळे सांगायला नको, म्हणून बुरशीचे मलम मी यादीत आवर्जून ठेवतो. ओआरएस संपल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे, चमचा चहाचा. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरण्याआधी ती जलरोधक पट्टीने झाकावी, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शरीरात शिरतात. पाण्यातून आल्यावर ताप आला तर अंगावर न काढता आरोग्य पथकाला तसे सांगून तपासून घ्यावे. पुरात साप घरांत आणि झाडांवर आश्रयाला येतात. सर्पदंशावर पिशवीतला कोणताही उपाय चालत नाही. दंशाची जागा न कापता, न आवळता, माणसाला शक्य तितके स्थिर ठेवून शासकीय रुग्णालय गाठावे.

पाणी आणि खाणे

पाठीवरच्या पिशवीत माणशी एक ते दीड लिटर पाणी पुरे. उरलेल्या गरजेसाठी पाणी शुद्ध करण्याचे साधन न्यावे. क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर या द्रव क्लोरीनची बाटली, आणि गाळण्यासाठी स्वच्छ सुती कापड. किती पाण्याला किती थेंब हे वेष्टनावर दिलेले असते आणि ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बाटलीला बांधावे, कारण अंधारात बारीक छपाई वाचता येत नाही. गढूळ पाण्यात औषध नीट काम करत नाही, तेव्हा आधी तुरटी फिरवून, निवळू देऊन, गाळून मगच थेंब टाकावेत आणि अर्धा तास थांबावे. चूल मिळाली तर पाणी खळखळून उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

खाण्याच्या बाबतीत आपल्या भागाला बाहेरून काही शिकावे लागत नाही. तासगावचे बेदाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, शेंगदाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि सातूचे पीठ हे सगळे टिकाऊ, शिजवावे न लागणारे आणि थोड्या वजनात पोट भरणारे आहे. भडंग मात्र पाठीवरच्या पिशवीत भरू नये. तो जागा फार खातो, हवा लागली की मऊ पडतो आणि खाल्ल्यावर तहान वाढवतो. सांगलीकराला हे पटणे अवघड आहे, पण त्याची जागा तिसऱ्या थरात आहे. निघायच्या दिवशी वेळ मिळाला तर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी करून घ्यावी. वर्षाच्या आतील बाळासाठी त्याचे नेहमीचे खाणे, वाटी-चमचा आणि उकळलेले पाणी वेगळे बांधावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध गोंधळात तोडू नये, कारण निवारा केंद्रात बाटली स्वच्छ ठेवणे जवळपास अशक्य असते.

उजेड, कपडे आणि रोख

वीज पहिल्याच दिवशी बंद केली जाते आणि मोबाइलचे टॉवरही थोड्या वेळाने शांत होतात. भरलेली दहा हजार एमएएच क्षमतेची पॉवर बँक, तिची वायर, डोक्याला लावायची बॅटरी, जास्तीचे सेल आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ ठेवावा. नेटवर्क गेले तरी आकाशवाणीवरून सूचना मिळत राहतात. मेणबत्त्या वगळाव्यात. निवारा केंद्रात अंथरुणांच्या गर्दीत आणि घरात गॅस गळत असेल तर त्यांचा धोकाच अधिक. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी, कारण ओरडून घसा बसतो.

सुमारे दहा मीटर नायलॉनची दोरी, पाणी चाचपायला छातीएवढी उंच काठी, मागे पट्टा असलेल्या सँडल, रेनकोट, एक चादर, टॉवेल, साबण, सॅनिटरी पॅड, तोंड घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी आणि चष्म्याची दुसरी जोडी. गमबूट घालून खोल पाण्यात जाऊ नये, ते पाण्याने भरले की पाय उचलत नाही. साडी किंवा धोतरापेक्षा सलवार-कमीज, पँट असे पायात न अडकणारे कपडे निघताना घालावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे, ऐन वेळी पटत नाही.

रोख रक्कम दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटांत असावी. नेटवर्क नसताना यूपीआय चालत नाही आणि पाचशेचे सुटे कुणाकडे नसतात. दागिने पिशवीत नेऊ नयेत. त्यांची जागा पावसाळाभर लॉकरमध्ये.

माणसांची विभागणी आणि चिठ्ठ्या

कोणती पिशवी कोणाकडे, कोण आजोबांना धरणार, कोण मुलांना, हे नावानिशी लिहून दाराच्या मागे लावावे. प्रत्येक पिशवीवर नाव आणि पूररेषेबाहेरच्या एका नातेवाइकाचा फोन क्रमांक असावा. ताटातूट झाली तर सगळ्यांनी एकमेकांना न शोधता त्याच एका नातेवाइकाला कळवायचे, म्हणजे निरोप एका ठिकाणी जमतात. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक चिठ्ठीवर असावेत. लहान मुलाच्या खिशात त्याचे नाव, रक्तगट, आई-वडिलांचे नाव आणि क्रमांक प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवावे. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचे किंवा परगावी मुले असलेल्या वृद्ध जोडप्याचे नाव आपल्या यादीत जोडून घ्यावे.

जनावरे

दुधगाव, कवठेपिरान, समडोळी, भिलवडी, अंकलखोप अशा गावांत कुटुंब वेळेवर न निघण्याचे सर्वांत मोठे कारण गोठा असतो, आणि ते कारण खरे आहे. दावणीची म्हैस सोडून जा असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. म्हणून जनावरांसाठी पहिली पातळी माणसांच्याही आधीची धरावी आणि रस्ता कोरडा असतानाच त्यांना चालत उंचावरच्या पाहुण्यांकडे किंवा छावणीवर न्यावे. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि जनावराचा फोटो कागदपत्रांत ठेवावा. गोणीत जास्तीचे दोर, दोन दिवसांचा पेंडीचा साठा आणि हळद-तेल असावे. नेणे शक्यच झाले नाही तर निघताना दावे कापावे. मोकळे जनावर पोहत कुठे तरी काठ गाठते, पण बांधलेल्याला ती संधीच मिळत नाही.

निघण्याआधीची दहा मिनिटे

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवावा, कारण तरंगणारा सिलिंडर खोलीत आदळत फिरतो. विजेचा मुख्य स्विच कोरड्या हाताने आणि कोरड्या जमिनीवर उभे राहून बंद करावा. पाणी आत आले असेल तर बोर्डाला हात लावू नये. गोधड्या, धान्य, मिक्सर असे जे उंचावर टाकायचे ते आदल्या दिवशीच टाकलेले असावे. कीटकनाशके, रॉकेल आणि बॅटऱ्या सर्वांत वरच्या फळीवर. मग दार बंद करून, कुठे चाललो ते शेजाऱ्याला सांगून निघावे.

वाहत्या पाण्याची ताकद डोळ्यांना कळत नाही. अर्धा फूट वेगवान पाणी प्रौढ माणसाचे पाय उचलू शकते, एक फूट पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. ट्रॅक्टर उंच असतो म्हणून तो पुलावरच्या वाहत्या पाण्यात घालण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

तालीम आणि देखभाल

रोहिणी लागल्या की एखाद्या रविवारी सगळ्यांनी पिशव्या पाठीवर घेऊन ठरलेल्या निवाऱ्यापर्यंत चालून पाहावे. घड्याळ लावावे. कोणाच्या खांद्याला पट्टा रुततो, आजींना किती वेळा बसावे लागते, कोणता रस्ता चढाचा आहे हे त्या एका फेरीत समजते, आणि पिशवीतल्या निम्म्या वस्तू घरी परतल्यावर आपोआप बाहेर निघतात. तालमीत लहान मुले फार उत्साहाने भाग घेतात, त्यांनाच वेळ मोजायचे काम द्यावे.

दर महिन्याला पॉवर बँक भरून ठेवावी आणि सेल उपकरणातून बाहेर काढून वेगळे बांधावेत, नाही तर ते गळून बॅटरी खराब होते. खाण्याचे पदार्थ पंधरा दिवसांनी घरात खाऊन टाकून नवे भरावेत, औषधांच्या मुदती वाचाव्यात, मुलांचे कपडे मापाचे आहेत का ते पाहावे. नदीकाठच्या घरांनी दसऱ्याच्या साफसफाईत खाणे आणि पाणी काढून घ्यावे. कागदपत्रे, औषधांची यादी, दोरी आणि बॅटरी मात्र पिशवीतच राहू द्यावी आणि ती पिशवी कोठे टांगली आहे हे घरात नव्याने आलेल्या सुनेला आणि भाडेकरूलाही दाखवून ठेवावे.